तिनईचा माल

मी माझ्या घरमालकांना गोव्याच्या दारूचे चोरटे व्यापारी समजलो, आणि ही समजूत स्वतःजवळ ठेवण्याऐवजी त्यांच्या मुलीला बघून गेलेल्या स्थळाच्या चुलत्यांना चहाच्या गाड्यावर सांगून टाकली. स्थळ बोरगावचं, घर जैन. दिवस मावळल्यावर ज्या घरात चूल पेटत नाही, कांदा ज्या घराच्या उंबऱ्याबाहेरूनच परत जातो, त्या घराला मी सांगितलं की तुमचे होणारे व्याही दारू विकतात. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. बोरगावहून फोन यायचे बंद झाले.

हे घरमालक मूळचे निपाणीचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. सारी हयात तंबाखूच्या वखारीत देखरेख करण्यात गेली आणि मग त्यांनी बेळगावात टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ घर बांधलं. खाली ते, त्यांची बायको आणि मुलगी. वर भाड्यानं मी आणि माझी बायको. जागा घेताना माणूस पाणी बघतो, शाळा बघतो. अण्णांनी रूळ बघितले. निपाणीला रेल्वे नाही. लहानपणापासून ज्यानं एसटी सोडून काही पाहिलं नाही, त्याला रुळांचं एवढं वेड का, असं मी एकदा विचारलं.

"जे गावात हाय त्याचं कुणी वेड घेतंय होय?" अण्णा म्हणाले.

गेट पडलं की सगळी टिळकवाडी रेल्वेला शिव्या घालते. अण्णा तेवढे स्कूटर बंद करून, हँडलवर कोपर टेकून, लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे समाधानानं वाट बघत. गंमत म्हणजे गेट उघडं असलं तरी ते थांबत. डावीकडं बघत, उजवीकडं बघत, मान तिरकी करून कानोसा घेत आणि मग जात. मागं हॉर्नचा कल्लोळ. एकदा मी मागच्या सीटवर होतो. लाजेनं म्हटलं, "अण्णा, गेट उघडं आहे की."

"गेट उघडं हाय म्हंजे गाडी न्हाय असं कुणी सांगितलं तुमास्नी?"

"गेटमननं बघितलं असेल ना."

"त्योबी माणूसच हाय."

हा त्यांचा धर्म होता. म्हणजे जन्माचा जैन होता, पण वागण्याचा हा. रेल्वे विश्वासावर चालत न्हाय, संशयावर चालते, असं ते म्हणत. समोरचा झोपलाय, विसरलाय न्हायतर खोटं बोलायलाय, असं धरून चालायचं. मग कुणी मरत न्हाय. घरही ते त्याच धर्मानं चालवत. गच्चीवरची टाकी भरली की मी वरून ओरडायचो, "भरली, अण्णा." ते मोटर बंद करत नसत. मुलीला वर पाठवत. ती ओरडायची, "भरली." मग स्वतः वर येत, झाकण काढून बोट बुडवत आणि खाली जाऊन मोटर बंद करत. तोवर पाणी जिन्यावरून त्यांच्याच अंगणात उतरलेलं असे.

त्या जिन्याची तर वेगळीच कथा. तो बाहेरून होता, अरुंद, मध्ये एक वळण. अण्णांनी खाली एक आणि वर एक अशा सायकलच्या घंट्या बसवल्या होत्या. चढणाऱ्यानं खालची वाजवायची, वरून उत्तराची घंटा आली की चढायचं. माझ्या बायकोनं हे एका दिवसात आत्मसात केलं. मला त्यात वेडेपणा दिसला. एकदा मी न वाजवता खाली उतरत होतो आणि वळणावर अण्णा तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन समोर. मी भिंतीला चिकटून जागा करून दिली. ते हलले नाहीत.

"मागं घ्या."

"जाता येईल की, अण्णा."

"येईल. पर तुमी विचारलं न्हाय. मागं घ्या."

मी उलटा वर चढलो. ते पोतं घेऊन वर आले, ठेवलं, घंटा वाजवली आणि मला म्हणाले, "आता जावा."

मी तेव्हा एका छोट्या स्थानिक दैनिकात बातमीदार होतो. बातमीदाराला वास येतो असं म्हणतात. मला फार येत असे, बहुतेक नसलेल्या गोष्टींचा. घंट्यांचा अर्थ मी असा लावला, की कुणी परकं माणूस वर-खाली करतंय याची वर्दी खाली मिळावी म्हणून त्या आहेत. म्हणजे खाली काहीतरी लपवण्यासारखं आहे. बायकोला म्हटलं.

"तुम्ही तर न वाजवताच उतरता, मग त्यांनी लपवायचं कधी?" ती म्हणाली.

पण मागची खोली होती ना. घराच्या मागं एक खोली, तिच्या खिडकीला आतून वर्तमानपत्रं लावलेली. आमचंच दैनिक, त्यामुळं मला जास्तच लागलं. दर रविवारी दुपारी जेवण झालं की अण्णा तिथं शिरत आणि आतून कडी. संध्याकाळच्या जेवणालाच बाहेर, म्हणजे उजेड असतानाच. आधीच्या आठवड्यात कधी तरी भंगार बाजारातून स्कूटरवर पोती येत, ती उतरवताना खणखणत. आणि रविवारी त्या खोलीतून घंटीचा, मग काहीतरी गडगडत जाऊन डब्यात पडल्याचा आवाज. काचेची बाटली बाटलीवर आपटावी तसा.

मी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं त्या खिडकीजवळ उभा राहू लागलो. बायकोला वाटलं मी सुधारलो. आतून अण्णांचा आवाज यायचा, फोनवर.

"तिनई? माल निघाला काय? ... कॅसलरॉकनं सोडलाय म्हणतोस, मग हाय कुठं? ... न्हाय, इकडं जागा न्हाय. तितंच दाबून धर त्याला." मग दुसरा फोन, कन्नडात: "नागरगाळी, माल बंतेनु?" म्हणजे आला काय. आणि पुन्हा मराठीत, खालच्या पट्टीत: "गोळा हातात पडल्याबिगर सोडायचं न्हाय. कोण का असंना."

आता मी नंदगडचा. खानापूर तालुक्यात वाढलेल्या माणसाला कॅसलरॉक, तिनईघाट, लोंढा ही नावं कुठल्या वाटेवर आहेत हे सांगावं लागत नाही. ती वाट गोव्याहून येते. आणि गोव्याकडनं 'माल' निघाला, वाटेत 'दाबून धरला', असं कुणी म्हणालं तर आमच्याकडं त्याचा एकच अर्थ होतो. लहान पोरसुद्धा दुसरा सांगणार नाही. गोळ्याचा अर्थ मला लागत नव्हता. रानडुकरांसाठी गावठी बाँबचे गोळे ठेवतात, तसलं काही असेल या कल्पनेनं मी त्या रात्री दाराला दोन कड्या घातल्या.

"जैन माणूस दारू विकेल होय?" बायको म्हणाली.

"म्हणूनच. कुणाला संशय येणार नाही."

यावर ती उठून कुकर लावायला गेली, आणि मी ते पटल्याचं लक्षण समजलो.

अशात बोरगावचे काका आले. मुलगा पुण्यात नोकरीला, बघणं झालेलं, दोन्हीकडून पसंती. राहिली होती ती चौकशी. आपल्याकडं ती स्थळाच्या घरी करत नाहीत. शेजारी, दुकानात, गाड्यावर करतात. काका उंच, पांढरी टोपी, ऊस आणि म्हशी असलेला माणूस. गाड्यावर मला गाठून म्हणाले, "तुमी वर ऱ्हाता न्हवं? आन् पेपरातबी हाय. तुमास्नी सगळं म्हाईत असणार."

या वाक्यावर मी विकला गेलो. आजवर मला सगळं माहीत असतं असं कुणी म्हटलं नव्हतं, संपादक तर नाहीच.

"माणूस चांगला आहे," मी म्हटलं, आणि इथं थांबायला हवं होतं. पण मी भुवया उंचावल्या.

"पर?" काका म्हणाले.

"पर काही नाही. रिटायर आहेत. रविवारी जरा माल असतो त्यांचा."

"तंबाखूचा?"

"नाही. तिनईकडचा."

काकांनी कप खाली ठेवला. "तिनईकडनं काय येतंय?"

"आता तुम्ही समजून घ्या," मी म्हणालो. मला फार शहाणं वाटत होतं. काकांनी उरलेला चहा ओतून दिला, पैसे दिले आणि गेले. चहावाला फडकं मारत होता. तो नेहमीच मारत असतो, म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही.

बोरगावहून निरोप आला: मुलाला अजून थांबायचंय. ज्या मुलाला मागच्या महिन्यात घाई होती त्याला एकदम थांबायचं झालं. घरात आवाज उतरले. अण्णांची बायको अंगणात दिसेनाशी झाली. अण्णा मात्र टाकीत बोट बुडवायला वर आले तेव्हा नेहमीसारखेच होते. मी उगाच म्हटलं, "वाईट झालं, अण्णा."

"वाईट कशाला? सिग्नल पडला न्हाय, एवढंच. कुठंतरी सांधा बसला नसंल. त्येंनी थांबवलं ते बराबर केलं. संशय आला की थांबायचं."

"पण कसला संशय?"

"ते कळंल की," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. किंवा मला तसं वाटलं. त्या दिवसांत मला कोणीही जास्त वेळ बघतंय असंच वाटायचं.

मुलगी एका शाळेत गणित शिकवायची. जिन्यात भेटली, घंटा वाजवून चढत होती, मी वर थांबलो होतो. म्हणाली, "काका, तुम्ही पेपरात आहात. कोण काय बोललं हे कळेल का कुठून?"

"बघतो," मी म्हटलं.

"मला तो मुलगा पसंत होता," ती म्हणाली. "त्यालाही मी होते. तो अजून फोन करतो, पण घरच्यांचं नाव काढलं की गप्प होतो."

बोलणारा कोण हे मी तिला सांगू शकलो असतो, कारण तो तिच्यासमोर टॉवेल खांद्यावर टाकून उभा होता. मी म्हटलं, "होईल सगळं नीट." आणि आत जाऊन अंघोळ केली, जी झालेली होती.

पुढच्या रविवारी दुपारी जिन्याची घंटा वाजली. अण्णा वर आले आणि म्हणाले, "चला खाली. आज तिनई तुमी व्हायचं."

मी बायकोकडं बघितलं. तिनं चपला पुढं सरकवल्या.

मागच्या खोलीत मी दारूची खोकी शोधत शिरलो. होतं ते असं: भिंतीला लागून लोखंडी दांड्यांची एक रांग, कमरेएवढी, लाल, पिवळे, काळे रंगवलेले. भंगारातल्या पट्ट्या घासून केलेले. समोर कॉम्प्युटर, त्यावर रुळांचं जाळं. सायकलच्या घंट्या. एक वाकडी नळी आणि तिच्यातून स्टीलच्या डब्यात पडणारे, ट्रकच्या बेअरिंगमधले पोलादी गोळे. खिडकीला पेपर लावले होते, कारण पडद्यावर ऊन येत होतं.

"लोंढा," अण्णा म्हणाले. "पन्नास सालानंतरचा. गोवा पोर्तुगीजांचा असतानाचा. छोटी लाईन, वाफेची इंजनं, तिन्ही बाजूंनी गाड्या आन् मधी आमी."

हे एक मंडळ होतं. उचगावचा एक भाताचा शेतकरी गुंजी स्टेशन व्हायचा. धारवाडचे एक दातांचे डॉक्टर नागरगाळी. प्रत्येक जण आपापल्या घरी आपल्या स्टेशनावर बसायचा आणि त्या काळच्या वेळापत्रकानं गाड्या फोनवरून विचारून एकमेकांकडं पाठवायचा. रूळ एकच असल्यामुळं पुढच्या स्टेशनानं होय म्हटल्याशिवाय गाडी सोडायची नाही. होय आलं की नळीतून गोळा काढायचा. गोळा म्हणजे ड्रायव्हरच्या हातातला परवाना. आणि माल म्हणजे मालगाडी. रेल्वेवाले तिला नुसतं मालच म्हणतात. तिनई होणारे रिटायर पोस्टमास्तर डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते.

मला दुसऱ्या कोपऱ्यात लॅपटॉपसमोर बसवलं. मी खुर्चीत बसलो आणि मनातल्या मनात गाड्यावरचा एकेक शब्द पुन्हा ऐकला. तिनईकडचा माल. आता तुम्ही समजून घ्या.

"तिनई," अण्णांनी पाठ न वळवता विचारलं, "लाईन क्लिअर?"

"क्लिअर," मी म्हटलं.

गोळा गडगडला. थोड्या वेळानं पडद्यावर दोन गाड्यांच्या लाल रेघा समोरासमोर आल्या, एकमेकींत शिरल्या, आणि सगळं थांबलं. फोनवर नागरगाळी कन्नडात काहीतरी म्हणाले. दातांच्या डॉक्टरच्या तोंडी ते शोभत नव्हतं.

अण्णांनी खुर्ची वळवली. "कॅसलरॉककडनं आलेली गाडी तुमच्या लाईनीवर हुती. बघितली न्हाय?"

"नाही."

"मग क्लिअर कसं म्हटलं?"

"तुम्ही विचारलं म्हणून."

"म्हंजे कुणी विचारलं की न बघता बोलायचं, अशी सवय हाय तुमास्नी."

ते एवढंच म्हणाले आणि पडदा पुन्हा पहिल्यापासून लावला. यांना गाड्यावरचं ठाऊक आहे, का हे नुसतं रेल्वेबद्दल बोलतायत, याचा मला शेवटपर्यंत अंदाज येईना. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बोरगावची बस सकाळी असते."

बोरगावला काका गोठ्यात होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं की मी म्हणालो ते खोटं, तो माल दारूचा नाही, मालगाडीचा आहे. आणि तीही खरी नाही, कॉम्प्युटरवरची. आणि आजची नाही, पन्नास सालानंतरची. बोलताना माझ्याच लक्षात आलं की दारूची हकिगत याहून पुष्कळ पटण्यासारखी होती.

काकांनी म्हशीच्या पाठीवरचा हात काढला नाही. "परवा दारू म्हणालासा. आज आगगाडी म्हणतायसा. उद्या काय, इमान?"

"तुम्ही येऊन बघा."

"सांगून आलो तर तुमी आवरून ठेवणार."

"मग न सांगता या."

"तुमी म्हणताय म्हणून तर येणार न्हाय," काका म्हणाले, आणि मला ताक दिलं. संशयितालाही ताक देतात, बोरगावची माणसं चांगली.

तरी ते आले. पोस्टमास्तर अजून परतले नव्हते, मी तिनई होतो, आणि पुढच्या दाराची कडी वाजली. मुलीनं दार उघडलं. काका मागच्या खोलीत आले ते सरळ नाक वर करून. खोलीत तेलाचा वास होता, मशीनच्या. त्यांनी डबा उचलून हुंगला. नळीत डोळा घालून बघितलं. कपाट उघडलं, त्यात लोंढ्याचे जुने नकाशे आणि पापडाचं डबडं.

"रामराम," अण्णा म्हणाले. "बसा. घाट उतरायचा माल हाय, जरा दम धरा."

"मालात काय हाय?" काकांनी लगेच विचारलं.

"मँगनीज."

"कशावरनं?"

"तेबी बराबर हाय," अण्णा म्हणाले. "मी डबं उघडून बघितल्यात कुठं. कागदावर मँगनीज हाय."

दारात मुलगी उभी होती, तिच्या मागं आई, पदर तोंडाशी. काका खोलीच्या मधोमध उभे राहिले. मग एकदम पुढं होऊन त्यांनी एका लाल दांड्याला हात घातला आणि ओढला. दांडा हलला नाही. ऊस तोडलेला हात होता तो. त्यांनी पाय रोवून पुन्हा ओढला.

"गंजलाय."

"गंजला न्हाय," अण्णा म्हणाले. "सांधा दुसऱ्या रुळाला वळलाय. त्यो फिरवून बसवल्याबिगर ह्यो सिग्नल पडायचाच न्हाय. बैल जुपलं तरी. खाली बघा."

काका गुडघ्यावर बसले. दांड्यांच्या खाली लाकडी पेटी होती, तिच्यात खाचा पाडलेल्या पट्ट्या आडव्या-उभ्या एकमेकींत अडकलेल्या. अण्णांनी सांध्याचा काळा दांडा ओढला. एक पट्टी सरकली, दुसरीची खाच मोकळी झाली. "आता वडा." काकांनी लाल ओढला. तो लोण्यासारखा आला आणि पडद्यावर सिग्नलचा हात खाली पडला, म्हणजे गाडीला वाट मोकळी. काकांनी तो परत ढकलला, काळा ढकलला, पुन्हा लाल ओढून बघितला. आला नाही. हे त्यांनी टोपी काढून, बऱ्याच वेळा केलं. आम्ही सगळे बघत होतो. मुलीनं दाराची चौकट धरली होती.

"ह्या पट्ट्या कुणी तासल्या?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मीच."

काका उठले, गुडघे झटकले. "दारू इकणारा माणूस एवढी लाकडं तासत बसणार न्हाय," ते म्हणाले, आम्हाला नाही, स्वतःलाच हिशेब दिल्यासारखं. मग अण्णांना: "तुमची चौकशी केली म्हणून राग धरू नगासा."

"राग कसला? मीबी तुमची केलिया."

"कुठं?" काका सावध झाले.

"बोरगावात तुमची ज्याच्याशी बांधावरनं भांडणं हायत, त्याच्याकडं."

"काय म्हणाला त्यो?"

"चांगलं म्हणाला. शिव्या देत म्हणाला, पर चांगलं म्हणाला. म्हंजे खरं असणार."

काका हसले. पहिल्यांदाच. मुलीकडं वळून म्हणाले, "बाळ, पोरगं तिकडं जेवंना झालंय. पुढल्या आठवड्यात सुपारी फोडूया." आई आत पळाली, बहुतेक रडायला किंवा गूळ आणायला. मुलगी तिथंच उभी राहिली, आणि मग तिनं वाकून काकांना नमस्कार केला.

माझ्या मनावरचा धोंडा उतरला, आणि मी लॅपटॉपच्या मागं जमेल तेवढा लहान होऊन बसलो. पण काका टोपी घालता घालता थांबले.

"पर अण्णा, एक सांगायला पायजे. हे आमच्या कानावर घातलं कुणी, ते तुमास्नी कळाय पायजे." आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. मुलीनंही बघितलं.

"ठाऊक हाय," अण्णा दांड्यावरचा हात न काढता म्हणाले. "चहावाल्यानं त्याच दिवशी सांगितलंय. म्हणून तर आणून तिनईला बसवलंय. तिनईला अक्कल लागत न्हाय, विचारलं की आधी बघायचं आन् मग बोलायचं, बास. तरी बगा, ह्येंला अजून जमंना."